आतून लावलेली कडी

कडी आतून किशोरनंच लावली होती. नंतर गल्लीत ह्या प्रकरणाच्या जितक्या हकिकती फिरल्या, त्या सगळ्यांत तेवढी एकच गोष्ट खरी होती.

मे महिन्यातली दुपार. किशोर ट्रूप बझारमध्ये विजेच्या सामानाच्या दुकानात काउंटरवर उभा राही. ते दुकान त्या दिवशी अर्ध्यातच बंद झालं, कारण शेठजींचे कुणी सोयरे वारले होते. शेठजींना सोयऱ्याचं दुःख होतं की गेलेल्या गिऱ्हाइकांचं, हे त्यांच्या तोंडावरून कळत नव्हतं. दिवसच तसे होते. गेल्या काही वर्षांत हैदराबादेत ज्याला त्याला सगळं एकदम पाहिजे झालं होतं. रंगीत टीव्ही पाहिजे, फ्रिज पाहिजे, कूलर तर पाहिजेच पाहिजे. आणि वीज मात्र तीच जुनी, निजामाच्या घरच्या पाहुण्यासारखी, आली तर आली. त्यामुळे स्टॅबिलायझर आणून ठेवले की संध्याकाळपर्यंत रॅक रिकामं.

तर हा भर दुपारी स्कूटरवरून गौलीगुड्यात घरी आला. समोरच्या खोलीत सगळ्या जरा जास्तच शहाण्यासारख्या बसलेल्या. आई पद्मावतीबाई डोळे मिटून जपमाळ ओढतायत, बायको वंदना लसूण सोलतेय, आणि दहावीची परीक्षा देऊन मोकळी झालेली मुलगी प्रणिता चक्क वही उघडून बसलीय. किशोरनं किल्ली टीव्हीवर ठेवली. टीव्ही गरम लागला. पण मेमध्ये हैदराबादेत काय थंड असतं? त्यानं शर्ट काढून खुंटीला लावला, खिशातल्या टेस्टरसकट, आणि म्हणाला, "बेगम, आंघोळ करून येतो."

लग्न झाल्यापासून तो वंदनाला बेगमच म्हणायचा. तिचं नाव रेशन कार्डावर होतं तेवढंच.

"आत्ता?" वंदना म्हणाली. "टाकीतलं पाणी तापलंय. थोडं थांबा की."

थांबेल तो किशोर कसला.

न्हाणीघर मागच्या अंगणात, शेजारच्या श्रीकांतच्या घराला लागून असलेल्या भिंतीपाशी. तीन बाजूंनी विटा, वर लोखंडी पत्रे, पुढं लोखंडी अँगलची चौकट आणि तिला पत्र्याचं दार. कडी आजोबांच्या वेळची, गंजून जाड झालेली. ती उघडायची तर एका हातानं दार आपल्याकडे ओढून धरायचं आणि दुसऱ्यानं कडी उचलून सरकवायची. दोन हात आणि एक शिवी, एवढं लागायचंच. आत बादली लोखंडी, तांब्या पितळी, नळ पितळी. प्लॅस्टिकचा मग पद्मावतीबाईंनी घरात येऊ दिला नव्हता. प्लॅस्टिकच्या पाण्यानं अंग धुतलं तर ते धुतल्यासारखं वाटत नाही, असं त्यांचं म्हणणं.

किशोरनं मनसोक्त पाणी ओतून घेतलं. मोरी तुंबलेली होती, पाणी घोट्यापर्यंत चढलं. पंचा गुंडाळला आणि गाणं गुणगुणत कडीला हात घातला.

पुढचं काही त्याला नीट आठवत नाही. एवढं आठवतं, की पाठ मागच्या भिंतीवर आपटली होती, तांब्या कुठंतरी घरंगळत होता, आणि उजवा हात खांद्यापासून आपला नव्हताच.

आयुष्यभर लोकांना शॉक दिलेल्या माणसाला शॉक बसला की पहिल्यांदा राग येत नाही, कौतुक वाटतं. कुणी केलं हे? हा पहिला विचार. दुसरा विचार: मी तर नाही केलं. आणि मग घाम फुटला.

आता हे कौतुक समजायचं तर किशोरची कीर्ती समजली पाहिजे. जुन्या रेडिओतला, करंट साठवून ठेवणारा कंडेन्सर प्लगात घालून भरायचा आणि पानाच्या डब्यात लपवून त्याच्या तारा डब्याच्या झाकणाला जोडायच्या, ही त्याची बाळबोध करामत. श्रीकांत तिला पुन्हापुन्हा फसला होता, कारण श्रीकांतला पान आवडायचं. त्याच श्रीकांतच्या दाराची घंटी किशोरनं एकदा आतल्या आत त्याच्या बायकोच्या, उषावहिनींच्या मिक्सरला जोडून दिली. वहिनी चटणी वाटायला बसल्या, की श्रीकांत दार उघडायला धावे. बँकेत कॅशियर असलेला तो शहाणासुरता माणूस बाहेर कुणी नाही हे बघून परत येई, आणि बसतो न बसतो तोच वहिनींना खोबरं घालायचं आठवे.

आणि गेल्या महिन्यातली उमाजीमामांची गोष्ट.

उमाजीमामा म्हणजे पद्मावतीबाईंचे भाऊ. परभणीहून आले, गाडी उशिरा पोचली, म्हणून आंघोळीला दुपार झाली. आंघोळ करून कडी उघडायला गेले आणि असा काही झटका बसला, की दार कसं उघडलं त्यांनाही कळलं नाही. ओल्या पंचानिशी अंगणातून ओरडत सुटले. कुणाच्या नावानं? किशोरच्याच. संध्याकाळी किशोर दुकानातून आला तर सगळं घर त्याची वाट बघत बसलेलं. आई तर उलथनं घेऊन.

किशोरनं काहीच केलेलं नव्हतं. देवाशपथ नव्हतं केलं. पण मामा शॉकचं वर्णन असं करत होते, इतकं रंगवून, की किशोरला ते आपल्या नावावरून जाऊ देववेना. त्यानं मिशीला पीळ दिला आणि एवढंच म्हणाला, "मामा, कसा वाटला?"

झालं. मग कोण कशाला शोधतंय? त्यानं गुपचूप जाऊन कडीला टेस्टर लावून पाहिला होता, नाही असं नाही. टेस्टरचा दिवा लागला नाही. म्हातारा माणूस, घाबरला असेल, असं म्हणून त्यानं विषय संपवला आणि शाबासकी ठेवून घेतली. पद्मावतीबाईंनी मात्र देवासमोर हात जोडून सांगितलं, की ह्यापुढं ह्या घरात किशोऱ्याच्या एकाही नाटकाला कुणी भुलायचं नाही.

ते सगळं आता न्हाणीघरात घोट्याएवढ्या पाण्यात उभ्या असलेल्या किशोरला आठवत होतं.

त्यानं हाताची पालथी बाजू हळूच कडीजवळ नेली. जुने वायरमन असंच करतात. पालथ्या हाताला करंट लागला तर हात आखडून मागं येतो, सरळ हातानं धरलं तर मूठ मिटते आणि सुटत नाही. बोटाचं हाड कडीला टेकलं मात्र, विंचू चावावा तसा हात उडाला. दाराच्या पत्र्यालाही तेच. चौकटीच्या अँगलला तेच. वरचे पत्रे त्याच अँगलवर टेकलेले, म्हणजे डोक्यावरही तेच. घरी दारी टेस्टर बाळगणारा माणूस, आणि टेस्टर आज खुंटीला.

मग त्यानं नाही नाही ते केलं. पंचा काढून कडीला गुंडाळला, पण पंचा ओला. त्याचं बक्षीस लगेच मिळालं. कपडे धुवायच्या शहाबादी दगडावर चढून बसला, पण तोही चिंब. हवेसाठी भिंतीला एक झरोका होता, त्यालाही लोखंडी जाळी, आणि त्यातून मांजर जाईल तर जाईल, किशोर नाही. पाणी खाली जावं म्हणून मोरीत बोट घालून पाहिलं. केसांचा गुंता हाती आला, पाणी तसंच. वरून पत्रे तापलेले, आतून वाफ, आणि बाहेरून झरोक्यातून कुठल्यातरी मालिकेचं गाणं येत होतं. बायका एकमेकींना विष घालायच्या आधी वाजतं तसलं.

मग त्यानं हाक मारली. "बेगम!"

वंदना आली, पण जरा उशिरानं. मागोमाग प्रणिता. दोघी अंगणात दारापासून लांबच उभ्या राहिलेल्या, हे त्यांच्या आवाजावरून कळत होतं.

किशोरनं सांगितलं, कडीत करंट आहे, मला बाहेर येता येत नाही, दाराला हात लावू नका.

बाहेर कुणीतरी फिसकन हसलं.

त्याच्या ध्यानात आलं, की हे वाक्य आपण आयुष्यात जितक्या वेळा बोललोय तितक्या वेळा त्याच्या शेवटी कुणीतरी उडालेलं आहे. दाराला हात लावू नका म्हणजे लावून बघा. आता जे काही मागावं ते आमिषच वाटणार. आणि वाटलंच. कोरडं लाटणं झरोक्यातून आत टाक, असं तो प्रणिताला म्हणाला, तर ती म्हणाली, "म्हणजे आम्ही जाळीला हात लावायचा. पप्पा, मी काय उमाजीआजोबा आहे?"

"पोट्टे, खरं सांगतोय."

"उमाजीआजोबांना पण आपोआपच बसला होता का शॉक? मग मिशी कशाला पिळली?"

किशोर दगडावर उकिडवा बसून राहिला. पाण्यात पाय सोडायची आता त्याला भीती वाटत होती, आणि पाय वर धरून धरून मांड्या थरथरायला लागल्या होत्या.

बरं, डोकं शाबूत होतं. डोक्याला कडी नव्हती. करंट येतो म्हणजे कुठूनतरी येतो. त्यानं एकेक धागा ओढायला सुरुवात केली. अंगणात पाण्याची मोटार होती, तिची वायर भिंतीवरून जायची. उंदरानं कुरतडली असेल. बेगम, मोटारीचा प्लग काढ. वंदनानं काढला. पालथं बोट टेकवलं, विंचू तिथंच. न्हाणीघरावरचा दिवा. दिव्याची वायर अँगलला चाटत असेल. बटण बंद कर. विंचू तिथंच. बटण बंद करून उपयोग नाही, दिव्याला न्यूट्रलवर बटण दिलेलं असलं तर फेज, म्हणजे करंटची तार, वर जिवंतच राहते. आमच्या घराची वायरिंग आजोबांनी केली आणि आजोबा कीर्तनकार होते.

"मेन बंद कर," तो म्हणाला. "बेगम, मेन स्विच खाली ओढ. सगळं घर बंद कर."

बाहेर चपला जागच्या हलल्या नाहीत.

"ऐकलंस का?"

"आत्ताच?" ती म्हणाली. तिच्या आवाजात काहीतरी होतं, पण काय ते किशोरला कळेना. मेन बंद करायला बाईमाणसाला कशाला विचार पडावा? पंखा बंद होईल एवढंच ना. तो अजिजीनं बोलला. किशोरला अजिजी करता येत नव्हती, त्यामुळं ती नाटकासारखीच वाटली असेल. तरी ती गेली. तिच्या चपलांचा आवाज घरात गेला, आणि मग आतल्या खोलीतून मेन पडल्याचा खट् असा आवाज आला.

पालथं बोट. कडी.

विंचू. किशोर ओरडला.

म्हणजे हा करंट घरचा नव्हताच. आमचं घर पुरतं मेलेलं आहे आणि तरी कडी जिवंत आहे. आपल्या मेनमधून येत असता तर फ्यूज होता, वायर तोडता आली असती. पण हा बाहेरून कुणाच्यातरी घरातून येतोय, कुठल्या वाटेनं येतोय माहीत नाही, आणि कधी जाईल तेही नाही. नेमकी आज वीज जात नव्हती. एरवी दुपारी गल्लीत वीज गेली की किशोर वीज खात्याच्या सात पिढ्या उद्धरायचा. आज तो मनातल्या मनात त्यांच्या पायावर डोकं ठेवत होता.

आणि मग त्याच्या कानानं काहीतरी टिपलं.

मालिकेचं गाणं मघापासून चालू होतं. पण आता ते अर्धं झालं होतं.

म्हणजे असं, की आधी ते दोन्ही कानांत होतं. श्रीकांतच्या बाजूनं एक आणि घराच्या बाजूनं एक, जरासं मागंपुढं, विहिरीत ओरडल्यावर येतं तसं. आता घराच्या बाजूचा कान रिकामा होता. श्रीकांतच्या बाजूचा चालू होता. मेन पडल्याबरोबर एका कानातलं गाणं गेलं होतं.

आमचा टीव्ही चालू होता. आणि टीव्हीवर ती मालिका होती, जी केबलवर लागते. आणि आमच्याकडे केबल नाही.

नव्हतीच. अन्वरभाईनं केबल गल्लीत आणली तेव्हा श्रीकांतच्या ओट्यावर सगळ्यांच्या देखत किशोरनं प्रतिज्ञा केली होती, की प्रणिताचा दहावीचा निकाल लागेपर्यंत आमच्या घरात केबलची वायर शिरणार नाही, शिरली तर मिशी उतरवीन. ह्या मिशीला गल्लीत वजन होतं. श्रीकांतनं तेव्हाच न्हाव्याचं नाव सुचवून ठेवलं होतं.

दगडावर उकिडवा बसल्या बसल्या सगळं त्याच्या डोळ्यांसमोर एकापुढं एक येऊन उभं राहिलं. गरम टीव्ही. जपमाळ. आत्ता आंघोळ? आणि मामा. मामांना शॉक बसला तो दुपारी. आपण टेस्टर लावला तो रात्री जेवायच्या आधी, तेव्हा दिवा लागला नाही. आपण आंघोळ करतो सकाळी, कधी काही नाही. म्हणजे जे काही आहे ते दुपारचंच येतं. आपली स्कूटर गल्लीबाहेर पडली की येतं आणि आपण परतायच्या आत जातं. ते गाण्याबरोबर येतं.

केबलची वायर. उषावहिनींच्या घरून आमच्या घरी भिंतीवरून यायची म्हणजे ह्याच न्हाणीघराच्या पत्र्यावरून येणार, दुसरी वाटच नाही. आणि अन्वरभाईचा बूस्टर, केबलचा सिग्नल वाढवणारा डब्बा, श्रीकांतच्या खिडकीत होता, हे किशोरनं स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं होतं. तो डब्बा कूलरच्या डोक्यावर ठेवला होता, कारण प्लग तिथंच होता. कूलर सुरू झाला एप्रिलमध्ये. तेव्हापासून डब्बा पाण्याचे तुषार खातोय. आतला ट्रान्सफॉर्मर ओला झाला, की दोनशेतीस व्होल्ट, केबलच्या वायरीत मधल्या तारेभोवती असते त्या जाळीवर चढून ह्या घरातून त्या घरात निघाले फिरायला.

फॉल्ट सापडला होता. एरवी अशा वेळी किशोर शीळ घालायचा. पण तो फॉल्ट सांगायचा कसा, हा विचार करत असतानाच बाहेर पावलं वाजली. चपलांची नाहीत. अनवाणी, ओली, चपचप.

आई. दुपारचं तुळशीला पाणी घालून, ओल्या लुगड्याच्या काठानं फरशी पुसत, ती इकडंच येत होती. आणि येता येता बोलत होती, की चाळिशी उलटली तरी पोराचा पोरकटपणा जात नाही, भावाला माझ्या मारायला निघाला होता, आता घरादाराला वेठीला धरतोय, मी बघते कुठला करंट आहे ते. ओले हात. अनवाणी पाय. ओली फरशी. ती दार बडवणार होती. लहानपणी बडवायची तसंच, दोन्ही हातांनी.

किशोरला ओरडता आलं असतं. पण ओरडला असता तर ती अजून जोरात बडवणार. आई, हात लावू नको, हे तर तो चार वेळा म्हणालाच होता आणि त्याचाच तिला राग होता. ह्या माणसाकडे खरं बोलायचा आवाजच नव्हता, सगळे आवाज त्यानं वापरून टाकले होते. एकच वस्तू न वापरलेली शिल्लक होती.

"वंदना," तो साध्या आवाजात म्हणाला. "आईचा हात धर."

चपचप थांबली.

बाहेर झटापट झाली. आईचं "अगं सोड की, काय झालं तुला" ऐकू आलं. किशोर पत्र्याच्या दाराकडे बघत बसला होता. त्याला एवढंच पाहिजे होतं, की त्या दारावर थाप पडू नये. बाकी मिशी, प्रतिज्ञा, मालिका, काही नको.

मग भिंतीपाशी वंदनाचा आवाज आला. इतक्या वर्षांत तसा तो त्यानं कधी ऐकला नव्हता. "उषावहिनी, वायर काढा. आमची वायर काढा आधी. हे आत अडकलेत, कडीत तीच उतरलीय." आणि वहिनी काहीतरी विचारत होत्या, त्याच्यावर, "कळू दे त्यांना, काढा."

भिंतीपलीकडं भांडं पडल्याचा आवाज झाला. नंतर उषावहिनी म्हणाल्या, "काढली."

पालथं बोट. कडी थंड होती. नुसतं लोखंड. किशोरनं पुन्हा टेकवलं. मग तळवा टेकवला. मग दोन्ही हातांनी दार ओढलं, कडी उचलली, आणि आज शिवी द्यायची राहून गेली.

बाहेर ऊन होतं. त्याला ते फार आवडलं. वंदनानं आईला अजून मनगटाशी धरून ठेवलं होतं आणि आई गोंधळून दोघांकडे आळीपाळीनं बघत होती. किशोर वंदनाजवळ गेला. म्हणाला, "माझं खरं वाटलं तुला."

"तुमचं नाही वाटलं," वंदना म्हणाली. "मेन पाडल्यावर तुम्ही पुन्हा ओरडलात, तेव्हाच धस्स झालं. आपल्या मेनवर नसलेली एकच वायर आहे ह्या घरात, आणि ती मीच बांधलीय. टीव्हीला लावताना मला पण रोज चिमटे घेते ती. पण सांगायची सोय होती का?"

तिनं वर बोट दाखवलं. पत्र्यावरून काळी वायर आली होती. मध्ये दोन तुकडे जोडलेले. आतली तार तारेला नीट पिळलेली, पण बाहेरच्या जाळीचं टोक जास्तीचं उरलं होतं, ते वाऱ्यानं लोंबू नये म्हणून चौकटीच्या अँगलला चांगले वेढे देऊन बांधलं होतं. गाठसुद्धा सुबक होती. दोरा उरला की बायका तो खोचून टाकतात, तशी.

"कधीपासून?" किशोरनं विचारलं.

वंदनानं आईचं मनगट सोडलं. शेवटी पद्मावतीबाई म्हणाल्या, "दिवाळीपासून. आणि माझ्याकडं असा बघू नको. मीच सांगितलं होतं तिला."

म्हणजे परीक्षेच्या आधीपासून. म्हणजे जपमाळसुद्धा. किशोरनं गल्लीभर लोकांना फसवलं होतं एकेका दिवसापुरतं, आणि ह्या तिघींनी त्याला त्याच्याच घरात अख्खा हिवाळा आणि अर्धा उन्हाळा फसवलं होतं. तो काही बोलणार तेवढ्यात गल्लीतून आवाज आला. श्रीकांत बँकेतून जेवायला आला होता, आरडाओरडा ऐकून थेट अंगणात. मागं अजून दोघंतिघं. ओल्या पंचात किशोर, घाबरलेल्या बायका, आणि उघडं दार, एवढं बघून श्रीकांतला सगळं कळलं, असं त्याला वाटलं.

"क्या किशोरभाई," तो हैदराबादीत म्हणाला, मजेत आला की तो असाच बोलायचा, "मामू के वास्ते लगाए सो आपीच को लग गया क्या?"

सगळे हसले. वंदना किशोरकडे बघत होती. आई बघत होती. प्रणिता वर पत्र्याकडं न बघायचा प्रयत्न करत होती, आणि भिंतीवरून उषावहिनींचं अर्धं डोकं दिसत होतं, त्यांच्याही तोंडचं पाणी पळालेलं, कारण श्रीकांतलाही काहीच माहीत नव्हतं.

किशोरनं हिशेब केला. खरं सांगावं तर मिशी जाते, इथंच, ह्याच्यासमोर. वर गल्लीला कळतं, की ह्याच्या आईनं ह्याला बनवला. आणि न सांगावं तर आपण तो हौला, तो बावळट, जो स्वतःच्याच सापळ्यात नागडा सापडला. मघाशी आत होतो तर निदान एकच दार होतं, आता दोन, आणि दोन्हींना करंट.

त्यानं पंचा नीट खोचला, मिशीला पीळ दिला आणि कमरेत वाकून मुजरा केला. "श्रीकांतराव, अजून थोडी दुरुस्ती बाकी आहे. जमली की पहिलं आमंत्रण तुम्हाला."

श्रीकांत हसता हसता दारापासून दूर सरकला. गर्दी गेली. श्रीकांत जेवून परत बँकेत गेला, त्याची स्कूटर कोपऱ्यावर वळल्याचं सगळ्यांनी ऐकलं. किशोर तसाच पंचात ओटीवर येऊन बसला होता. हात अजून झिणझिणत होता. त्याला वाटत होतं, आता कुणीतरी माफी मागेल, निदान चहा तरी देईल.

पद्मावतीबाई आल्या. त्याच्या डोक्यावरून हात फिरवला. मग त्या म्हणाल्या, "किशोऱ्या, तुला कळतं ना रे ह्यातलं?"

"कळतं."

"मग ती वायर नीट लावून दे. करंट न लागेल अशी. पुढची मालिका लागायला अजून वेळ आहे, आणि आज तिच्यात त्या थोरलीचं बिंग फुटायचंय."

किशोरनं वंदनाकडं पाहिलं. वंदनानं त्याच्या शर्टाच्या खिशातला टेस्टर आधीच हातात घेतला होता. तो तिनं पुढं केला.

पहिल्यांदा तो उषावहिनींकडं गेला, आधी प्लग काढला, मग बूस्टर कूलरवरून उतरवून कोरड्या फळीवर ठेवला. अन्वरभाईला निरोप धाडला, की डब्बा भिजून मेलाय, संध्याकाळी नवा घेऊन ये. तोवर बूस्टरविना जशी दिसेल तशी मालिका. मग शिडी लावून न्हाणीघरावर चढला. तापलेल्या पत्र्याला टेस्टर लावून बघितला, मग पालथं बोट, मगच गुडघा टेकवला. वंदनाची सुबक गाठ सोडवायला त्याला बराच वेळ लागला. जाळी जाळीला जोडली, वर सायकलच्या ट्यूबचा तुकडा गुंडाळला आणि वायर अँगलपासून लांब, लाकडी वाशाला बांधली. अंगावर अजून पंचाच होता.

खालून गल्लीतल्या कुणीतरी विचारलं, "किशोरभाई, धूपमें उप्पर क्या कर रहे?"

"तुझ्यासाठीच लावतोय," किशोर म्हणाला. खालचा माणूस घाईनं पुढं गेला.

घरात वंदनानं मेन वर केला, भिंतीपलीकडून उषावहिनींनी पिन आत घातली. किशोर पत्र्यावर उकिडवा बसून ऐकत राहिला, आणि गाणं हळूहळू त्याच्या दोन्ही कानांत सुरू झालं.